छत्तीसचा रोल, एकेचाळीस फोटो

चहाच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. चहा गाळता गाळता मी जाहीर करून टाकलं, "पाचच्या आत फोटो देते. तोही फिल्मवरच!"

आमचा लातुरातला स्टुडिओ घराच्या पुढच्याच खोलीत. नवरा, तय्यब, डिजिटल कॅमेऱ्यासाठी अडून बसलेला. सासरे, अब्बा, फिल्म सोडेनात. भूकंपानंतर खेड्यांतून किती माणसं आली होती. जुन्या निगेटिव्हमधून अब्बांनी त्यांना त्यांची गेलेली माणसं शोधून दिली. तेव्हापासून निगेटिव्हच्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही.

"आज जमलं नाही तर आण तुझा डिजिटल," अब्बा तय्यबला म्हणाले.

गिऱ्हाईक होती लोह्याहून क्लासला आलेली महादेवी. फॉर्मचा शेवटचा दिवस. "ताई, पाचला खिडकी बंद होती बघा."

अब्बांना आता बारीक दिसत नाही, म्हणून रोल मी भरला. माझी पाच वर्षांची अलीझा स्टुलावर बसून बघत होती.

महादेवीचा एक फोटो काढला. पण अब्बांचा नियम, रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही. उरले पस्तीस! अलीझाचे दहा काढले. शेजारच्या नीलाबाई सुनेचा हार घालून आल्या. "डावीकडून काढ गं, उजवीकडं दात न्हाईत." त्यांचे बारा. मग त्यांची बकरी. ती नीलाबाईंपेक्षा स्थिर उभी राहिली.

छत्तीस झाले, रोल संपेना. एकेचाळीस झाले!

"ही फिल्मची बरकत," मी तय्यबला ऐकवलं. "डिजिटलमध्ये असती का?"

अब्बांनी माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला. मला वाटलं, आनंदानं.

अंधाऱ्या खोलीतून ते बाहेर आले तेव्हा हातातला रोल काचेसारखा कोरा होता. फिल्मची पट्टी आतल्या चाकात अडकलीच नव्हती. एकेचाळीस वेळा मी नुसतंच बटण दाबलं होतं. महादेवीनं घड्याळ पाहिलं, "येते ताई" म्हणाली आणि समोरच्या डिजिटलवाल्याकडे पळाली. तिनं बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"रोल कुणी भरला?" तय्यबनं विचारलं.

"मी," अब्बा म्हणाले. "हात थरथरतो आता. उद्या नांदेडला जा, घेऊन ये तुझा कॅमेरा."

मी चहाचे कप गोळा करू लागले. अब्बा आत जाऊन आडवे झाले.

अलीझानं माझी ओढणी ओढली.

"अम्मी, रोल तर तू भरला होता ना? मग तू गप का बसली?"