डोमाजींची बकरी आणि आमचा गुड्डू

आमच्या सानगडीत लग्नाची पंगत बसली, की म्हातारे डोमाजी मुद्दाम पोरांच्या रांगेत बसत आणि वाढपी पुढे सरकताच शेजारच्या पोराची बुंदी आपल्या पत्रावळीत ओढून घेत. "पोट हाय का धान भरायची ढोली?" एवढं पोराला विचारायचं आणि बुंदी आपण खायची. अंगानं मात्र खराट्याची काडी.

आमचा गुड्डू तेव्हा तिसरीत, चांगलाच गोलमटोल. 'खात्यापित्या घरचं लेकरू' असं कोणी म्हटलं की माझीच छाती फुगायची. पण पुढे त्याला शाळेच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली, गुडघे दुखू लागले. साकोलीच्या डॉक्टरांनी मलाच झापलं, "लाडानं आजारी पाडताय पोराला. आताच आवरा, नाहीतर पुढे साखर, रक्तदाब, सगळं याच्या वाट्याला."

मी हुकूम सोडला, "रोज तलावाच्या पाळीवर पळायचं!" गुड्डू जरासा पळाला आणि बसला. मी तर आधीच बसलो होतो.

डोमाजींनी हुकूम सोडला नाही. रोज सकाळी गुड्डूला पाळीवर नेऊन ते आपल्या द्वाड बकरीचं दावं त्याच्या हाती देत. "धरून ठेवजो रे, मी जरा तंबाखू मळतो." बकरी हिसडा मारून सुटायची, गुड्डू तिच्यामागे! पावसाळा सरेस्तोवर पोरगं न थांबता पळू लागलं. घरी तोंडात एकच, डोमाबा असे आन् डोमाबा तसे. एकदा मी दुसऱ्यांदा भात घेतला, तर मलाच विचारतो, "बाबा, पोट हाय का ढोली?"

मी जळालो. चुलीतलं लाकूडही इतकं जळत नसेल.

"पोरगं बरं होऊन राहिलं, तुमाले कायले झोंबते?" बायको म्हणाली.

संध्याकाळी तडक डोमाजींकडे गेलो. "काका, उद्यापासून गुड्डूले मीच नेतो."

"ने ना बाबू. बाप तू हायेस," ते म्हणाले आणि बकरीला चारा टाकू लागले.

सकाळी आम्ही बापलेक त्यांच्या घरावरून निघालो. डोमाजी ओट्यावर बसलेले. ओल्या केसांचा भांग पाडलेला, पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या करकचून आवळलेल्या. आम्ही दिसताच त्यांनी पाय धोतराखाली ओढले आणि उगाच आभाळ न्याहाळू लागले. त्या घरात ते एकटेच राहतात, हे मला कधीपासून माहीत होतं. दिसलं मात्र त्या दिवशी.

गुड्डूनं हात माझाच धरला होता. मान तेवढी मागे.

"काका," मी म्हणालो, "माह्यानं पळणं होत नाही. चाला ना."

"मी काय रिकामा हाओ काय रे?" ते गुरकावले. तोवर त्यांनी बाहेर येऊन फाटकाला कडी घातलीही होती.