सिद्धम्मेच्या तांबडीस उभे केल्याची हकिकत

श्री महादेव समर्थ. शके एकोणीसशे पाच, चैत्रमास. लातूर नवा जिल्हा होऊन आठ महिने लोटले, आणि पाऊस गाव जुन्या जिल्ह्यात होते तोवरही नव्हता, नव्यातही आला नाही, ऐसे समयी मौजे कवठवाडी येथे जे घडले ते पाहिले तैसे लिहिले असे. तिखटमीठ लावण्याचा अधिकार केवळ सरपंचांस असल्याने आम्ही लाविले नाही.

सिद्धम्मा नामे विधवा बाई, पदरी एक तांबडी गाय, हेच तिचे राज्य. वैरणीची रसद तुटली, त्यात तांबडी व्याली, वासरू सुखरूप आले, आणि तिसरे दिवशी तांबडी जी बसली ती उठेना. गाय गेली म्हणजे वासरू गेले, आणि दोन्ही गेली म्हणजे सिद्धम्मेस हाक मारावयास घरात कोणी उरत नव्हते.

वर्तमान कळताच सरपंच राजश्री साहेबराव, ज्यांची मुलुखगिरी चहाच्या टपरीपर्यंत, चाळीस असामींसह अंगणी दाखल जाहले आणि मसलत बसली. एकाने शेपूट पिरगाळावे म्हटले, दुसऱ्याने नजर काढावी म्हटले, तिसऱ्याने डाग द्यावा म्हणून सळई तापविली. सिद्धम्मेने ती सळई हिसकावून आडात टाकिली. आड कोरडा असल्याने ती खणकन वाजली आणि मसलत बरखास्त जाहली.

मग जनावरांच्या दवाखान्यास खलिता गेला. जाब आला की गाव नव्या जिल्ह्यात गेले, अर्ज तिकडे करावा. तिकडून जाब आला की जुन्याकडून कागद यावयाचे आहेत, तोवर गाय कोणत्या जिल्ह्यात बसली हे ठरत नाही. तांबडीस यातले काही न कळल्याने ती होती तिथेच बसून राहिली.

तेव्हा सिद्धम्मेने मोहीम आपले हाती घेतली. छपराचे पाचट उपसून गायीखाली अंथरिले, आणि एका कुशीवर पडून पाय मरू नयेत म्हणून दर प्रहरी कूस पालटली, आणि मांड्या चोळिल्या, आणि गूळपाणी पाजिले. शेजारी गुलाम रसूल गादीवाले यांनी दाभणाने दुहेरी पोती शिवून झोळी सिद्ध केली. आता झोळी टांगावी कोठे? गावात मजबूत लाकूड एकच, ते बाईच्या दारासमोर उभारलेली स्वागताची कमान. दुष्काळ पाहावयास नव्या जिल्ह्याचे पाहुणे येणार होते.

साहेबरावांचा सक्त हुकूम सुटला की कमानीस कोणी हात लावू नये. सिद्धम्मेने वर न पाहता जाब दिला, "पाहुने आपल्या पायानं येतेत. हिला टेका लागतो."

सरपंच हार मोजावयास वळले. मग गाय पोत्यावर ओढून कमानीखाली नेली, झोळी पोटाखाली घातली, दोर कमानीवरून फेकिले आणि चाळीस जणांनी धरिले. तांबडी वर आली, खुर जमिनीस टेकले, गुडघे लटपटू लागले, आणि इतक्यात जीपचा भोंगा वाजला. चाळीसच्या चाळीस जणांची फौज दोर सोडून हार घेऊन धावली. असा बाका प्रसंग कोणत्याही शत्रूने आणिला नव्हता.

झोळी सैल पडली. सिद्धम्मेने डोळे मिटिले. गुलाम रसूल हळूच म्हणाले, "सिद्धम्मा, बघ." तांबडी आपल्या चार पायांवर उभी होती आणि कमानीचे आंब्याचे डहाळे खात होती.

कमान गायीने अडविली, म्हणून पाहुणे गटारातून वळसा घेऊन आले. साहेबरावांनी भाषण केले की साहेबांच्या पायगुणे गाय उठली, आणि टाळ्या जाहल्या. इकडे सिद्धम्मा मातीत बसली ती उठेना. गुलाम रसूलांनी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे, भाई. ती हुबी हाय. आता मला बसून रडू दे."

सरकारदफ्तरी ही फत्ते पाहुण्यांच्या नावे चढली. या कागदी ती सिद्धम्मेच्या नावे दाखल केली असे. बाईस लिहिता येत नाही, सबब शिक्क्याचे जागी तिचा शेणाने माखला पंजा उमटविला आहे.