पाण्याखालचे बांध

धर्माकाका धरणाला कधी धरण म्हणत नसत. सकाळी भाकरी बांधून घेत, खांद्यावर टॉवेल टाकत आणि कोणी विचारलंच तर सांगत, "शेतावर चाललोय." मग काठाशी चपला काढून ठेवत, धोतर खोचत आणि आपल्या मोटरबोटीत चढत.

शेत खरोखरच तिथे होतं, फक्त पाण्याखाली. धरण भरलं तेव्हा ते आणि हिराकाकू चौक गावात आमच्या शेजारी राहायला आले. बैलजोडी विकली. पुढे काठावरच्या बंगल्याचा मुंबईकर मालक परदेशी निघाला, तेव्हा त्याची बोट काकांनी विकत घेतली. लोक हसले. "धर्मा, हिला नांगर कुठं जोडणार रं?" असं विचारत. काका इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणत, "मागं हाय की."

मला त्यांनी बोलावलं ते बोटीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकासाठी. आळीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण वाचून दाखवणं मला जमण्यासारखं होतं. काका म्हणाले, "तू नुसती वाच, बाय. बोलायचं मी बघतो."

अडचण बोटीच्या नाकाची होती. वेग घेताना बोटीचं नाक वर येतंच. मग ती पाण्याच्या पाठीवर चढते आणि सपाट धावू लागते, असं पुस्तकात होतं. काकांची बोट चढतच नसे. नाक आभाळात आणि शेपूट पाण्यात, अशी ती तलावभर गुरगुरत फिरे.

काकांना स्वतःला त्याचं काही नव्हतं. पण पाणी भरल्यापासून त्या बाजूला न फिरकलेल्या हिराकाकू एकदा, फार आर्जवं केल्यावर, बोटीत बसल्या. घरी येऊन चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "रान बघाया गेले, तर नुसतं आभाळ दावलंत." पुन्हा बसणार नाही म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकांना दुसरं काही सुचेना. बैलगाडी मागे उलार झाली की ओझं पुढे सरकवतात, म्हणून त्यांनी भाताची दोन पोती बोटीच्या नाकात ठेवली. नाक खाली आलं ते थेट पाण्यात शिरलं. काकूंनी ते भात दोन दिवस अंगणात वाळत घातलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्यात भात बोटीनं फिरून येतं."

मग मी पुस्तकातलं ते पान शोधलं. वेगाच्या लिव्हरवर पंखा खालीवर करणारं एक बटण होतं. निघताना ते दाबून पंखा पूर्ण खाली, बोटीच्या अंगाशी घ्यायचा. जोर द्यायचा. बोट सपाट झाली की पंखा थोडा थोडा बाहेर सोडायचा. काकांनी मान डोलावली आणि मला सोबत घेऊन निघाले. पंखा खाली घेतला, जोर दिला, आणि नाक खाली बसणार तेवढ्यात त्यांच्या अंगठ्याने पंखा पुन्हा वर उचलला.

"काका, वर का घेतलात?"

"बांध आला."

"कुठे?"

"ह्यो काय, खाली. चिंचेच्या खाचराचा. दगडी हाय, पंखा घासंल."

मी धीर करून म्हटलं, "इथे पाणी फार खोल आहे, काका."

त्यांनी इंजिन बंद केलं. "डोक्याला ठावं हाय गं," ते म्हणाले. "अंगठ्याला नाय."

"मग सावकाश नेली तर? नाक वर येणारच नाही."

"सावकाश नको," ते समोर डोंगराकडे बघत म्हणाले, आणि विषय बंद झाला.

पुढे कितीतरी सकाळी तो अंगठा बांध आला की उचलायचाच. शेवटी काकांनी तो टॉवेलात गुंडाळला. दगडी बांधावर आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी दात आवळले. नाक वर आलं, थबकलं आणि खाली बसलं. इंजिनाचा आवाज मोकळा झाला. बोट सपाट धावू लागली.

"आता थोडा बाहेर," मी म्हटलं.

त्यांनी टॉवेल सोडून बटण दाबलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "गेला बांध."

काकूंना तयार करायला आठवडा गेला.

"आता नाक वर ऱ्हात नाय."

"आन ऱ्हायलं तर?"

"तर उतर मधीच."

"मधी कुठं उतरू? खाचरात?"

पण आल्या. मी मागे बसले. नाक जरा उचललं, काकूंनी कड घट्ट धरली, आणि बोट सपाट झाली. बघता बघता पलीकडचा काठ आला. काकांनी अभिमानाने वळून पाहिलं.

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं."

"आवो, हितली लावणी करताना आमची कंबर मोडायची. तुमी दोन दमात सारं रान संपवलंत. मागं घ्या. हळू घ्या."

काकांचा हात लिव्हरवर तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूहळू मागे ओढला. बोट पाण्यात बसली आणि बैलाच्या चालीने परत निघाली.

काकू कडेवरून वाकल्या. "हितं रोपांसाठी राब भाजायचो. हे लांबट खाचर. हितं तुमी न्याहारीला बसायचात." काका समोरच्या डोंगराकडे बघत होते. पाण्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"आवो, बघा की."

"मी नाय बघत," काका म्हणाले. "तू बघ, आन सांग मला."

काकू सरकून त्यांच्या शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या.