जिलेबीचं माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्या घरात या नियमाला 'का' असं विचारायचं नसतं. आईनेही विचारलं नव्हतं. नवव्या महिन्यात ती कोपरखैरण्याहून एसटीने कोरेगावला गेली आणि मी खंबाटकी घाटातच येणार होते म्हणे. (घाई मला तेव्हापासूनची.)

या वेळी प्रश्न गिनीपिगचा होता.

वाशीच्या माझ्या मैत्रिणीने, नमिताने, मला जोडी दिली. "एक नर, एक मादी. कोण कोणतं ते तूच बघ, झूलॉजीवाली आहेस." मी उलटंसुलटं करून बघितलं. गुळगुळीत, गोल जिलेबी ही मादी. झिपरा बुंदी हा नर. (बी.एस्सी., फर्स्ट क्लास. पदवी हॉलमध्ये फ्रेम करून लावली आहे.)

दोन महिन्यांत जिलेबी फुगली. मी जाहीर केलं, "तिला दिवस गेलेत." पप्पा मार्केटमधून रोज तिच्यासाठी गाजरं, कोथिंबीर, ढोबळी मिरची आणू लागले. बुंदीला मी गॅलरीत आंब्याच्या पेटीत हलवलं. त्याला गवत आणि कोबीचा पाला. नराचे कसले लाड?

रविवारी आजीने भाजीचं क्रेट पुसून त्यात जुनी साडी अंथरली.

"हे कशाला?"

"पहिलटकरीण हाय. माह्यारी धाडायची."

"आजी, तिचं माहेर म्हणजे नमिताची बाल्कनी!"

"असंना का. उद्या लोक म्हणतील, सासरच्यांनी पोरगी डांबून ठेवली."

"कोण लोक? बाकीचे गिनीपिग?"

"उलट बोलू नगंस."

पप्पा मध्ये पडले. "अगं, आपला भाजीचा टेम्पो स्पीडब्रेकरला हळू घेतो. नमिताच्या आईला फोनही केलाय. त्यांनी डिंकाचे लाडू वळायला घेतलेत."

"पप्पा, दिवस भरलेल्या मादीला हलवायचं नसतं! घाबरली तर पिल्लांसकट जाईल!"

"आजवर आपल्यात कुनी गेलं न्हाई," आजी म्हणाली आणि पिंजऱ्याकडे निघाली.

मी पिंजऱ्यासमोर ठाण मांडलं. "जिलेबी कुठेही जाणार नाही. जीव गेला तर तुमचा नियम तो परत आणणार आहे का? आईने ऐकलं, मी ऐकणार नाही. आणि माझ्या वेळीही मी कुठे जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

दोघं गप्प झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तो विजय जवळजवळ मिनिटभर उपभोगला. मग लक्षात आलं, त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच. ती माझ्या मागे, गॅलरीत होती.

आंब्याच्या पेटीत बुंदीला बिलगून केसांचे तीन गोळे बसले होते. तिघांचे डोळे टक्क उघडे.

जिलेबी, म्हणजे तिघांचा बाप, निवांतपणे ढोबळी मिरची खात होता.

आजीने त्याच्यापुढची ताटली उचलून बुंदीपुढे ठेवली. पप्पांनी चष्मा लावला, भिंतीवरच्या पदवीजवळ गेले आणि तिच्यावर नाव कुणाचं आहे ते नीट वाचलं.