करवतीची पसंती

आमच्या कराडात टेबल करवतीला नवा मायटर गेज आणायचा असेल तर आधी करवतीची पसंती घ्यावी लागते, आणि त्यासाठी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम करतात. मायटर गेज म्हणजे करवतीच्या टेबलावरच्या खाचेत सरकणारा, लाकूड हव्या त्या कोनात धरून पात्यापर्यंत नेणारा जोडीदार. करवतीबरोबर कंपनी एक गेज देतेच. पण ते लग्न खोक्यातच उरकलेलं असतं, आणि असे बालविवाह आता कुणी धरत नाही.

आमच्या करवतीचा कंपनीचा गेज पत्र्याचा होता आणि शब्दाचा कच्चा. पंचेचाळीस अंश म्हणून निघायचा आणि वाटेत विचार बदलायचा. त्याच्या भरवशावर मी माझ्या थोरल्या बहिणीला, शालनअक्काला, पूजेचा पाट करून दिला. भर सत्यनारायणात पाट डुगडुगला आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पंचामृतात बसले. तेव्हापासून अक्का माझ्याशी बोलत नव्हती. आता तिनं नवं घर बांधलं आणि दाजींकरवी निरोप धाडला, की देव्हारा प्रल्हादनंच करायचा, पण तो वाकडा निघाला तर त्यानं पुन्हा उंबऱ्याला पाय लावायचा नाही. मला एकच बहीण आहे. मी त्याच आठवड्यात करवतीचा पत्र्याच्या गेजशी काडीमोड करवून घेतला आणि बाहेरची स्थळं पाहायला लागलो.

आमच्याकडे ही स्थळं हार्डवेअरवाले पुंडलिक शेटे सुचवतात. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन आले. हेमलतानं, माझ्या बायकोनं, पोहे केले होते. ते शेट्यांनी आणि मी खाल्ले. करवतीचं टेबल पुसून मेण लावून ठेवलं होतं.

पहिलं स्थळ परदेशातलं होतं. निळा रंग, लांबलचक अंग, आणि प्रत्येक अंशाला टक्‌कन थांबायची सवय.

"लई शिकलेला हाय," शेटे म्हणाले. "अर्धा अंशसुद्धा चुकत न्हाई."

पण तो इंचात वाढलेला. त्याची पट्टी आमच्या मिलिमीटरच्या खाचेत शिरेना.

"खाच थोडी रुंद करून घेतली तर?" त्यानं विचारलं.

"आणि तुम्ही थोडे बारीक झालात तर?" करवत म्हणाली. बोलण्यासाठी तिचं बटण चालू असावं लागत नाही.

दुसरं स्थळ गुजरातकडचं, स्वस्त आणि हसतमुख. तो खाचेत सहज गेला, पण चालताना डुलत होता.

"घेता का?" करवतीनं विचारलं.

"फक्त मशीन ऑइल," तो म्हणाला. "तेही सणासुदीला."

करवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी शेट्यांकडे पाहिलं. शेट्यांनी पोह्यांकडे पाहिलं.

कार्यक्रम आटोपलाच होता. एवढ्यात पिशवीच्या तळातून कुणीतरी खाकरलं. दुसऱ्या गेजला एकट्याला यायला संकोच वाटत होता म्हणून त्याचा मित्र सोबत आला होता. ओतीव लोखंडाचा, काळवंडलेला, अंगावरचे आकडे निम्मे पुसलेले. बसायला जागा नव्हती म्हणून मी त्याला टेबलावरच ठेवला.

"एक विचारू का?" तो करवतीला म्हणाला. "दुपारी तुमचं पातं तापतं का हो?"

"मला हे पसंत आहेत," करवत शेट्यांना म्हणाली.

मुलगी पाहायला आलेल्याचा मित्र पसंत पडण्याचे प्रकार आमच्याकडे पूर्वीही घडले आहेत, त्यामुळे शेटे डगमगले नाहीत. दुसऱ्या गेजनंही मोठ्या मनानं मित्राची पाठ थोपटली. मी मात्र सुताराचा गुण्या आणला. वडीलधाऱ्या माणसानं काटकोन तपासायला हवा. गेज नव्वदवर लावला, गुण्या टेकवला, आणि मधून चांगला उजेड दिसला.

"हा नव्वद सांगतो ते अठ्ठ्याऐंशी आहे," मी म्हणालो.

"बघायच्या कार्यक्रमात थोडं वाढवून सांगतातच," करवत म्हणाली.

वरचा स्क्रू पिळून पाहिला. तो गंजून बसला होता, म्हणजे स्वभाव बदलायची आशा नव्हती.

"अगं, अक्काचा देव्हारा आहे! ती मला दारात उभं करणार नाही!"

"प्रल्हादराव," करवत शांतपणे म्हणाली, "यांच्याबरोबर जन्म अक्कांना काढायचाय की मला?"

कायदा करवतीच्या बाजूनं होता. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरून आम्ही दोघांचं लावून दिलं. गेजची पट्टी खाचेत इतकी गुपचूप सरकली की हेमलताला रडू आलं.

देव्हारा मन लावून केला. करवतीनं इतकं गुळगुळीत लाकूड कधीच कापलं नव्हतं. सांधे घट्ट बसले, दारं लागली, कळस चढला. फक्त सगळा देव्हारा कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा डावीकडे कलला होता.

तो रिक्षातून घेऊन मी अक्काकडे गेलो. दाजींनी भिंतीला लावला आणि ते लगबगीनं आत निघून गेले. अक्का समोर उभी राहिली. तिनं मान डावीकडे केली, मग आणखी थोडी केली. मी चपला घालायला वळलो.

"का रं," अक्का म्हणाली. एवढे दिवस मला तो आवाज ऐकायचा होता. "नवा गेज कुणी पसंत केला?"

"करवतीनं."

"तिनं स्वतः?"

"हो. मी नको म्हणत होतो."

"सुखात हाय का?"

"आता पातंसुद्धा तापत नाही तिचं."

अक्कानं पदरानं देव्हाऱ्याची दारं पुसली, बाळकृष्ण आत ठेवला आणि तो घसरू नये म्हणून डाव्या अंगाला सुपारी लावली.

"मग तिच्या संसारात आपण कशाला पडायचं?" ती म्हणाली. "पण तुला काय रीतभात हाय का न्हाई? नवं जोडपं घरी ठेवून एकटाच हात हलवत आलास. रविवारी दोघांना जेवायला घेऊन ये. तिची ओटी भरायची हाय."

दाजीही आतून आले आणि आम्ही सगळ्यांनी थोडं डावीकडे कलून नमस्कार केला. मग मी बाहेर ओसरीवर जाऊन टेम्पोवाल्याला फोन लावला. त्यानं एवढंच विचारलं, की जोडपं पुढं बसणार का मागं.