घड्याळजींचा ब्लॉग धापा टाकतो

घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावून ब्लॉग सुरू केला, त्याला चार वर्षं झाली. लंबक का अडतो, चावी कुठवर द्यावी, काटा का लंगडतो, असे दीडशे लेख. सगळे फक्त तिथेच. घरात एकाचीही प्रत नाही. आणि सोमवारी सकाळी, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ब्लॉग राहत होता, तिचं पत्र आलं: तुमचा ब्लॉग सीपीयूचा अठ्ठ्याण्णव टक्के वेळ खातोय. आज पाचपर्यंत भार उतरला नाही, तर ब्लॉग काढून टाकू.

"अठ्ठ्याण्णव टक्के!" घड्याळजी हरखले. "शाळेत कधी पडले नव्हते एवढे!"

"पुढचं वाचा," बायको म्हणाली. "हाकलतायत आपल्याला."

घड्याळजींचा चेहरा उतरला. त्यांनी ब्लॉग उघडायला घेतला आणि वेळ मोजली. एक्केचाळीस सेकंद! तेवढ्यात त्यांनी एकेकाळी मनगटी घड्याळाचा पट्टा बदलून दिला असता. घाबरून त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'ब्लॉग हळू चालतोय का? सगळ्यांनी उघडून बघा.'

चौतीस नातेवाईक, सगळे आज्ञाधारक. साडूंनी तर ऑफिसातल्या सहा कॉम्प्युटरवर उघडला, खात्री असावी म्हणून. मेव्हण्याचा फोन आला, "भाऊजी, उघडत नाहीये. पण मी सोडणार नाही, सारखा दाबतोय!"

दुपारपर्यंत पान उघडायला चार मिनिटं लागू लागली. शेवटी सून ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली. कॉम्प्युटर हाच तिचा धंदा.

"बाबा, पानाच्या कोपऱ्यात हे काय आहे?"

"घड्याळ. गेल्या महिन्यात बसवलं. घड्याळजीच्या पानावर घड्याळ नको?"

"ते दर सेकंदाला सर्व्हरला वेळ विचारतंय."

"विचारणारच! दुकानातसुद्धा मी एका घड्याळावरून सगळी लावायचो."

"अहो, पान जितक्या जणांकडे उघडं, तितकी घड्याळं विचारतात. तुम्हाला चाळीस माणसांनी दर सेकंदाला 'किती वाजले?' विचारलं तर?"

"हातातला चिमटा फेकून मारीन."

"सर्व्हर सज्जन आहे, म्हणून पत्रावर भागलं. पण दिवसभर पान उघडं ठेवतं तरी कोण?"

ग्रुपवर विचारल्यावर कळलं. सगळेच! 'तुमचं घड्याळ फार अचूक,' साडूंनी लिहिलं होतं. 'आम्ही भिंतीवरचं काढून टाकलं.'

साडेचार वाजले होते. "वाचकाच्याच मशीनवरची वेळ दाखवू का?" सुनेनं विचारलं.

"म्हणजे ज्याचं मशीन चुकेल, त्याला माझ्या नावानं चुकीची वेळ? त्यापेक्षा काढून टाक!" घड्याळजी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सुनेनं घड्याळ काढलं. प्रत्येक वाचकासाठी पान नव्यानं जुळवण्याऐवजी एकदा जुळवलेलंच सगळ्यांना मिळेल, अशी सोयही केली. मग ग्रुपवर हुकूम सुटला, 'ब्लॉग बंद करा.'

मेव्हण्याचा लगेच फोन. "केला, भाऊजी! चालतोय का ते बघायला परत उघडू?"

"नको!" तिघंही एकदम ओरडली.

भार साठवर आला, वीसवर आला, पाचला दहा मिनिटं कमी असताना तीन टक्क्यांवर टेकला. कंपनीचं उत्तर आलं: ब्लॉग राहू द्या. बायकोनं टाळ्या वाजवल्या.

"आता आपली माणसं सोडून किती वाचक आहेत?" घड्याळजींनी ऐटीत विचारलं.

सून जरा घुटमळली. "सात."

घड्याळजी मटकन खाली बसले. तेवढ्यात लेखाखाली चार ओळी उमटल्या. बायकोनं मोठ्यानं वाचल्या: 'आज पहिल्यांदाच तुमचं पान पूर्ण उघडलं. महिनाभर धडपडत होते. आमचं घड्याळ दर तासाला तेरा ठोके देतं, दुरुस्तीवाले हात लावत नाहीत. तुम्ही सांगाल का?'

घड्याळजी उठले. हात धुऊन आले, कपाटातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि कीबोर्डसमोर ताठ बसले.

"बाबा, टाइप करायला भिंग कशाला?"

"हळू बोल," घड्याळजी कुजबुजले. "गिऱ्हाईक आलंय."