न पिणाऱ्याचं डोकं

डॉक्टर पाटणकरांनी टेबलावर तीन कागद मांडले आणि कंपाउंडर नानाजीला विचारलं, "यातली कुठली पद्धत घ्यावी?"

नानाजीने तिन्ही कागद नीट पाहिले. तिन्ही इंग्रजीत होते. "मदली घ्या जी," तो म्हणाला. मधलं घेतलं की फारसं चुकत नाही, एवढाच त्याचा अनुभव होता.

१९५४ चा उन्हाळा होता. एटापल्लीच्याही पलीकडच्या त्या जंगलातल्या दवाखान्यात डॉक्टर निबंध लिहीत होते: मोहाची दारू प्यायल्यावर दुसऱ्या सकाळी डोकं का दुखतं? निबंध वर पसंत पडला की डॉक्टरांची बदली नागपूरला आणि त्यांच्या शिफारशीने नानाजीची त्याच्या गावी, सावलीला. सावलीला त्याची बायको मनकर्णा सासूचं दुखणं काढत होती. लग्नाला चार वर्षं झाली, पण दोघांचा संसार सगळा पत्रातच चालला होता. तेव्हा लोकांची डोकी चांगली ठणकावीत, अशी नानाजी देवापाशी मनापासून प्रार्थना करत होता.

आधी डॉक्टरांनी नुसतं विचारून पाहिलं. गावातले वडीलधारे इतवारी यांना गाठून ते म्हणाले, "प्यायल्यावर सकाळी डोकं दुखतं का हो?"

"दुखाले पायजे का जी?" इतवारींनी अदबीने विचारलं. "तुमचं काम अडत असन तं दुखते, असं लिवा."

ती पद्धत तिथेच बारगळली. मग मधली आली. बारा माणसं, वाळक्या भोपळ्याचे बारा तुंबे. सहांत दारू आणि सहांत मोहफुलं भिजवलेलं पाणी.

"कशात काय आहे हे पिणाऱ्याला कळता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "वाटणाऱ्यालाही नाही."

"म्हंजे मले बी नाई?"

"तुम्हालाही नाही."

"मंग मी काय लिवून राह्यलो, हे मले कवा समजन?"

"शेवटी."

नानाजीने वहीवर "शेवटी" असं लिहून ठेवलं.

दुपारी मंडळी झाडाखाली जमली. इतवारींनी पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडले आणि बाराही तुंबे एका हंडीत रिकामे केले. नानाजी उठेपर्यंत सगळं एक झालं होतं.

"इतवारीभाऊ, हे काऊन केलं?"

"बारा जनं बसाचे अन् बारा अलग पियाचे, असं कुठी असते का? भांडन झाल्यावानी दिसते. पुरखे काय म्हनतीन?"

पानाचा पहिला दोना त्यांनी डॉक्टरांपुढे धरला. नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. डॉक्टरांनी तो घेतला, आणि नमुना पुरेसा असावा म्हणून दुसराही घेतला. मग त्यांच्या ध्यानात आलं की आता सगळेच पिणारे झाले.

"तुलनेला न पिणारा हवा," ते म्हणाले. सगळ्यांनी नानाजीच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं.

सकाळी बाराही जण पेज पिऊन बांबू तोडायला निघून गेले होते. कोणाचं काही दुखत नव्हतं. नानाजी मात्र आदल्या दिवशी उपाशीपोटी उन्हात बसून, आपण काय लिहितो आहोत याचा विचार करत राहिला होता. त्याचं डोकं फुटायची वेळ आली होती. डॉक्टरांनी लिहिलं, "पिणारे: शून्य. न पिणारे: शंभर टक्के." लिहिताना त्यांनी एका हाताने स्वतःचं डोकं धरलं होतं, पण निबंध लिहिणारा कुठल्याच गटात बसत नसल्याने ते सोडून दिलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. निष्कर्ष वरच्यांना फारच नवा वाटला होता. डॉक्टरांना ताबडतोब नागपूरला बोलावलं होतं.

"अन् माहं काय जी?"

डॉक्टर नजर चुकवत म्हणाले, "सगळ्या नोंदीत न पिणारे तुम्ही एकटेच. पुढची तपासणी तीन वर्षांनी आहे. तोवर तुम्हाला इथून हलवू नये, असं कळवलंय."

नानाजीला रडू यायचंच बाकी होतं. त्याने मनकर्णाला खरं तेच लिहिलं. डॉक्टर प्यायले, त्यांची बदली झाली. मी पीत नाही, म्हणून मला इथेच ठेवून घेतलं.

आठव्या दिवशी तिचं उत्तर आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं, एका ओळीचं.

"पयले दारू सोडा, मंग बदली होईन."